खोट्या नावाची पेटी

दिवाळीचा फराळ आणि वादविवाद यांचे आमच्या घरात जुने सख्य आहे. चकलीच्या काट्यापासून सुरू झालेले बोलणे अनारशापर्यंत येता येता देशाच्या कारभारावर जाऊन पोचते. गेल्या भाऊबीजेला बहीण माहेरी, तेरला आली. बरोबर भाची होती. ही मुलगी पुण्यात एका खोलीत नाना तऱ्हेची विजेची वाद्ये मांडून संगीत रचते. पाटावर बसल्या बसल्या तिने मला कोड्यात टाकले.

"मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, तेव्हा तुम्हालाच विचारते. मला एक वाद्य घ्यायचं आहे. अस्सल घ्यायची माझी ऐपत नाही. त्याची हुबेहूब नक्कल सुमारे दहाव्या हिश्शात मिळते. ती घेतली, तर मी चोरीच्या मालाची गिऱ्हाईक ठरते का?"

"स्वस्त मिळतंय तर घे की!" बहीण म्हणाली. "वाजल्याशी कारण."

मी घसा साफ करून गुरुजींच्या थाटात बोलणार, तोच माझी नजर कोनाड्याखाली ठेवलेल्या भजनी मंडळाच्या पेटीकडे गेली, आणि लाडूचा घास तिथेच अडला. त्या पेटीवर एका नामांकित कारखान्याच्या नावाची पितळी पाटी होती. ती खोटी आहे, हे घरात फक्त मला ठाऊक होते.

त्या पेटीची हकीकत पुढे येईलच. भाचीला मात्र मी त्या दिवशी आमच्या गावच्या मातीपासून सुरुवात करून सांगितले. वाचकांनाही त्याच वाटेने नेतो.

धाराशिव जिल्ह्यातले आमचे तेर आज तेरणाकाठचे एक साधे गाव आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जाई, आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडले. पुढे उत्खनने झाली. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून तर एक संग्रहालयच उभे राहिले. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली, हे पुष्कळांना माहीत असते.

मला मात्र त्या मूर्तीपेक्षा एका हलक्या वस्तूचे अप्रूप वाटते. ती वस्तू म्हणजे मातीचे नाणे. रोमन नाण्याचा ठसा ओल्या मातीत उठवून, ती चकती भाजून केलेल्या अशा नकला दख्खनमध्ये तेर, कोंडापूर अशा ठिकाणी मिळाल्या आहेत. काहींना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते. त्या गळ्यात घालण्याचा दागिना असाव्यात, असे अभ्यासक मानतात. व्यापाऱ्याच्या घरी खरी रोमन मोहोर दिसली असेल. ती परवडण्याजोगी नव्हती, पण तिच्यावरचा मुखवटा आवडला, म्हणून कुंभाराकडून मातीत उठवून घेतला, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते.

आता सांगा, हा कुंभार चोर म्हणावा काय? रोमच्या बादशहाची त्याने परवानगी घेतली नव्हती, हे खरे. पण मातीची मोहोर हातात घेताच माती म्हणून कळते. तिच्या बदल्यात कोणी धान्य मोजून देणार नाही. त्याच काळी दक्षिणेत रोमन नाण्यांच्या सोन्यातल्या नकलाही झाल्या. तिथे मात्र घेणाऱ्याला वजन आणि कस पाहावा लागला असेल. नक्कल दोन्ही ठिकाणी आहे. फरक इतकाच की एका ठिकाणी वस्तू स्वतःच आपली ओळख सांगते, आणि दुसऱ्या ठिकाणी ती सांगायची की लपवायची हे देणाऱ्याच्या नियतीवर राहते.

भाची म्हणाली, "मामा, हे झालं नाण्यांचं. वाद्यांचं काय?"

वाद्यांचे तर विचारूच नका. आज ज्या पेटीवाचून आपले भजन, कीर्तन, लावणी आणि नाटक सुने वाटते, ती हार्मोनियमची पेटीच मुळी नकलेची नक्कल आहे. फुंकरीने किंवा वाऱ्याने थरथरणाऱ्या धातूच्या जिभेतून सूर काढण्याची युक्ती चीनमधल्या ‘शेंग’ या वाद्यात फार जुन्या काळापासून आहे. युरोपात ती रुजल्यावर फ्रान्समध्ये ग्रेनिए याने १८१० च्या सुमारास त्या तत्त्वावरचे वाद्य केले. पुढे १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने आपल्या सुधारलेल्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. हे नाव त्याने आपल्यापुरते राखून ठेवले. तसली वाद्ये करणारे दुसरे कारखानदार पॅरिसमध्ये होतेच. त्यांना आपल्या वाद्यांसाठी वेगळी नावे शोधावी लागली. अलेक्झांद्र आडनावाच्या बापलेकांच्या पेढीने ‘मेलोडियम’ हे नाव घेतले. म्हणजे पेटीच्या जन्माबरोबरच नावाचा तंटाही जन्माला आला. आज ‘हार्मोनियम’ हे नाव कोणा एकाचे राहिलेले नाही. ते जातिवाचक झाले आहे.

ते वाद्य पायांनी भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे. साहेबाच्या घरातून आणि मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरातून ते हिंदुस्थानात आले. आपला गवई बसतो जमिनीवर. त्याच्यासाठी पाठीमागे हाताचा भाता असलेली, उचलून नेता येणारी सुटसुटीत पेटी घडवण्याचे श्रेय बहुधा कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. त्यांची ‘द्वारकिन’ ही पेढी १८७५ मध्ये निघाली. मग ठिकठिकाणचे सुतार पेट्या घडवू लागले. सूर प्रथम परदेशातून येत. जुन्या पॅरिस सुरांची पेटी आजही जाणकार जिवापाड जपतात. पुढे गुजरातेत पालिताण्याकडे सूर घडवण्याचा धंदा उभा राहिला. षड्ज हलवून हव्या त्या पट्टीत गाता यावे म्हणून पट्ट्या सरकवण्याची सोय झाली, आणि धरून ठेवण्याच्या सुरांच्या खुंट्या आल्या. मूळची नक्कल अशी हळूहळू आपल्या घरची लेक झाली.

मराठी रंगभूमीने तिला मांडीवर घेतले. गोविंदराव टेंबे यांनी आधी पेटीवादक म्हणून नाव कमावले आणि मग १९११ मध्ये ‘मानापमान’ला चाली दिल्या. आमच्या मराठवाड्यातून गेलेल्या आप्पा जळगावकरांनी पेटीच्या संगतीला केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली! मध्यंतरी, १९४० च्या मार्चपासून, रेडिओने पेटीला दार बंद केले. ठरावीक बारा सुरांत बांधलेल्या या परदेशी वाद्यात आपली श्रुती नाही आणि मींडही नाही, हा आक्षेप होता. तो अगदीच खोटा नव्हता. ही बंदी १९७१ मध्ये सैल होऊ लागली. पण तोवर खेड्यातल्या भजनी मंडळांनी रेडिओची वाट पाहिली नाही. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या पंक्तीत त्यांनी पेटीला कधीच पाट मांडून दिला होता.

लग्नाच्या वरातीत वाजणारा आपला बेंजो घ्या. तोही असाच वाट चुकून आलेला पाहुणा. जपानातल्या नागोया शहरी मोरिता गोरो याने १९१२ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळांवरून सुचलेले ‘ताइशोगोतो’ हे तारवाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले आणि महाराष्ट्रात बेंजो म्हणून गणपतीपुढे नाचू लागले. ज्या पोराला वर्षानुवर्षे तालीम घेण्याची सवड नव्हती, त्याच्या हातात कळा दाबून गाणे आले. या नकला झाल्या नसत्या, तर संगीत हवेल्यांतून आणि दरबारांतून आमच्या पारावर कधी उतरलेच नसते. म्हणून ‘नक्कल’ शब्द ऐकताच नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

इथपर्यंत माझे व्याख्यान ऐटीत चालले होते. पण भाचीने अचूक दुखऱ्या जागी बोट ठेवले. "म्हणजे, स्वस्त नक्कल घेणं यात काहीच वाईट नाही?"

तेव्हा मला त्या पेटीची हकीकत सांगणे भाग पडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची जुनी पेटी अगदी निकामी झाली. भाता फाटलेला, अर्धे सूर मुके. मंडळात बहुतेक शेतमजूर आणि लहान शेतकरी. त्यांनी सुगीच्या पैशांतून वर्गणी काढली आणि ‘गुरुजी शिकलेले, त्यांना फसवणार नाहीत’ म्हणून रक्कम माझ्या हाती देऊन मला मोठ्या शहरात पाठवले. दुकानात दोन पेट्या समोर आल्या. एकीवर कारखान्याचे खरे नाव, आणि किंमत दुसरीच्या तिप्पट. दुसरी दिसायला तशीच, पण निनावी. तिप्पट रक्कम माझ्यापाशी नव्हती. मी निनावी पेटी पसंत केली. इथवर माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

दुकानदाराने मग टेबलाचा खण ओढला. आत पितळी पाट्यांचा ढीग होता. पेटीच्या धंद्यातली सगळी थोर नावे एकमेकांवर रचून ठेवलेली. "कोणती लावू, गुरुजी? पैसे तेवढेच."

मी एका क्षणाचाही विलंब न लावता बोट दाखवले.

गावी आल्यावर ‘नामांकित पेटी गुरुजींनी घासाघीस करून स्वस्तात आणली’ असा बोभाटा झाला. मला हार घातला गेला. उरलेल्या पैशांत टाळांचे नवे जोड आले, तेव्हा तर माझ्या व्यवहारचातुर्याचे पोवाडे गायचेच बाकी राहिले. मी ते सगळे मुकाट्याने, किंबहुना आनंदाने, पदरात घेतले.

पुष्कळ दिवस मी मनाची समजूत घातली की हे सारे गरिबीपायी झाले. पण ती पाटी न लावताही पेटी तेवढ्याच पैशांत मिळत होती. गरिबीने मला स्वस्त पेटी घ्यायला लावली. पाटी लावायला काही तिने सांगितले नव्हते. ती लावली माझ्या मिरवण्याच्या हौसेने. मातीची मोहोर गळ्यात घालणे आणि तीच सोन्याची म्हणून सावकारापुढे ठेवणे यांत जे अंतर आहे, ते मी बोटाच्या एका इशाऱ्यात ओलांडले.

कायदाही जवळजवळ हीच रेघ ओढतो. आपल्याकडे शोधाचे पेटंट २० वर्षे टिकते. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. व्यापारचिन्ह मात्र दर १० वर्षांनी नोंदणी वाढवून हवे तितके दिवस राखता येते. युक्तीवर निर्मात्याचा हक्क काही काळापुरता, पण आपल्या नावावर कायमचा, असा त्याचा अर्थ. भाचीच्या वाद्याचा प्रश्न याच कसोटीला लावून पाहिला. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कारखान्याने १९७० मध्ये ‘मिनीमूग’ हे विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य काढले. त्यामागच्या जुन्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली. अलीकडे बेह्रिंगर या कंपनीने तशाच घडणीचे वाद्य फार कमी किमतीत विकायला आणले, तेव्हा जगभरच्या वादकांत मोठा कलह माजला. पण त्यावर नाव आहे ते बेह्रिंगरचेच. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते. मुदत सरलेली युक्ती उचलून स्वतःच्या नावाने विकणे याला मी चोरी म्हणणार नाही.

"म्हणजे मी सुटले!" भाची टाळी वाजवून म्हणाली.

"अर्धी सुटलीस," मी म्हणालो. स्वस्ताई कोठून येते, हे पाहिल्याशिवाय उरलेला अर्धा निकाल लागत नाही. नक्कल स्वस्त पडते याची कारणे मला तीन दिसतात. पहिले, मूळ कर्त्याने फसलेल्या प्रयोगांत जी वर्षे घालवली, त्यांचा खर्च नक्कल करणाऱ्याला पडत नाही. दुसरे, मोठा कारखाना एकाच वेळी पुष्कळ नग काढतो, म्हणून प्रत्येकाचा खर्च उतरतो. आणि तिसरे, कोणाची तरी मजुरी कापलेली असते, किंवा लाकूड पुरते न वाळवता कापलेले असते. पहिल्या कारणाने आपण मूळ कर्त्याचे ऋणी होतो, आणि निदान त्याचे नाव विसरू नये इतके तरी आपल्याकडे लागते. दुसरे कारण निर्दोष आहे. तिसरे मात्र आपल्या नजरेआड राहते. म्हणूनच त्याची चौकशी अधिक करावी.

मिरजेकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंबोरा घडवण्यास आरंभ केला, आणि त्या गल्लीतल्या पिढ्या पुढे तेच करीत आल्या. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. तो महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. मग लाकडाचे काम आणि नक्षी, आणि शेवटी जवारी. घोडीचा माथा कानाच्या अदमासाने घासत घासत तारेला बोलते करायचे, हे काम घाईने होत नाही. दर तंबोऱ्याच्या किमतीत हे महिने मोजलेले असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या कोणी तंबोरा करू नये असा त्याचा अर्थ नव्हे. खुशाल करावा, पण त्याला मिरजेचा म्हणू नये. पुन्हा नावच!

आता माझ्या पेटीचे पुढे काय झाले ते सांगतो. भाचीपुढे कबुली दिल्यावर ती पाटी मला डोळ्यांसमोर नकोशी झाली. सूरही अलीकडे उतरले होते. कार्तिकी एकादशीच्या आधी सोलापूरकडून पेटी दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर बोलावला. त्याने प्रथम पेटीच्या अंगावर बोटांनी ठिकठिकाणी टकटक केले आणि कान लावला. मला एकदम गोरोबाकाकांची आठवण झाली. आमच्या गावच्या या संताने जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यांवर थापटण्याने ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगितले, आणि त्या परीक्षेत नामदेव कच्चे ठरले, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. कुंभार मडक्यावर लिहिलेले वाचत नाही. त्याचा नाद ऐकतो. त्या दिवशी कोणी माझ्या डोक्यावर थापटणे मारले असते, तर काय आवाज आला असता हे मला पक्के ठाऊक होते.

कारागिराने पाटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पेटी उघडून पट्ट्या काढल्या आणि म्हणाला, "गुरुजी, पेटी वाईट नाही. हात चांगला आहे. घाई झाली आहे. लाकूड अजून एक उन्हाळा वाळायला हवं होतं." मग त्याने मला जवळ बोलावले. आतल्या फळीवर, पट्ट्यांच्या खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक नाव आणि तारीख लिहिलेली होती. ज्या हातांनी पेटी घडवली, त्यांनी ती बंद करण्यापूर्वी कोणाला दिसणार नाही अशा जागी आपली सही करून ठेवली होती.

मी आजवर समजत होतो की त्या पाटीने मी एका नामांकित कारखान्याचे नाव चोरले. त्या दिवशी कळले की चोरी दुहेरी होती. एकाचे नाव उचलून आणले, आणि त्याच पाटीखाली दुसऱ्याचे नाव गाडून टाकले. कारखान्याचा एक गिऱ्हाईक कमी झाला असेल वा नसेल. पण या माणसाला त्याच्या चांगल्या हाताचे श्रेय मिळण्याची वाट मी नक्कीच बंद केली होती. पेटीची जो तो वाहवा करी, आणि ती वाहवा भलत्याच दारी जाई.

दुरुस्ती करणाऱ्याने ओळखीपाळखीतून त्या कारागिराचा फोन मिळवून दिला. मी चाचरत सारी हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याने एवढेच विचारले, "मधल्या सप्तकातला पंचम जरा चढायचा. आता धरलाय का नीट?"

"धरलाय," मी म्हणालो.

एकादशीच्या रात्री भजनाला उभे राहण्यापूर्वी मी मंडळापुढे सगळे सांगितले. कोणी रागावले नाही. त्याने मला अधिकच लाज वाटली. वीणेकरी म्हातारबाबा म्हणाले, "गुरुजी, पेटी तीच आहे न्हवं? मग पाटी काढा आन्‌ सुरू करा." मी स्क्रू फिरवून पाटी काढली. तिच्या जागी लाकडाचा फिकट चौकोन आणि दोन भोके राहिली. ती बुजवू नका, असे मीच सांगितले आहे. त्यांच्याखाली आता त्या कारागिराचे नाव लिहिले आहे, त्याला विचारून.

भाचीने ते वाद्य घेतले. मूळ कोणाचे आणि तिचे कोणाचे, हे ती विचारणाऱ्याला आपण होऊन सांगते. यंदाच्या भाऊबीजेला ती ते तेरला आणणार आहे. आमच्या पेटीबरोबर ते कसे जमते, ते मंडळीला ऐकायचे आहे.